ब्रेक ऑइलचं विरजण

फोन वाजला तेव्हा मिनोरी ओगुरी एका कुरिअरच्या व्हॅनखाली आडवी होती आणि तोंडात टॉर्च धरला होता. त्यामुळे तिनं फोन उचलून नुसतं "हं" केलं.

"मिनोचान," पलीकडून काकेई मालकांचा आवाज. "पेडल खाली गेलं."

"हं?"

"ब्रेकचं पेडल गं. उतारावर दाबलं तर पार तळाला टेकलं. आम्ही आत्ता संत्र्याच्या बागेत आहोत, भिंत मोडून. मी ठीक आहे. तुझ्या हात्सुए काकूंचा खांदा लोंबतोय. अँब्युलन्स आलीये. तू येऊ नकोस, गाडी उचलायला कुणाला तरी पाठव."

टॉर्च तोंडातून सुटला आणि तिच्याच कपाळावर आदळला. तिला लागल्याचं कळलंसुद्धा नाही. पाच आठवड्यांपूर्वी त्या गाडीचे ब्रेक तिनं उघडले होते. तिनं बंद केले होते. सरकारी तपासणीच्या कागदावर शिक्का तिचा होता.

आणि "कुणाला तरी पाठव" म्हणजे काय? ओगुरी गॅरेजमध्ये कुणीतरी म्हणजे मिनोरीच. दुसरं होतं कोण तिथं.

हामामात्सुच्या कालव्याकडेला, पत्र्याच्या दोन शेड आणि एक लिफ्ट, एवढंच तिचं गॅरेज. वय एकोणतीस. शाळा सोळाव्या वर्षी सोडली. वर्गात बसलं की पायांना मुंग्या यायच्या. एक दिवस गणिताच्या सरांना तिनं भर वर्गात विचारलं, "ह्यानं कुठलं चाक फिरतं?" सरांनी बाहेर काढलं, ती जी बाहेर गेली ती परत आलीच नाही. थेट बापाच्या शेडमध्ये. बापानं नुसता पाना हातात दिला.

ती बावीसची असताना बाप गेला. मग गिऱ्हाईकंही गेली. सगळी गोड बोलून गेली. "बघू हं, पुढच्या वेळेला." पुढची वेळ कुणाचीच आली नाही. एवढीशी पोरगी, तोंडानं फटकळ, तिच्या हातात आपले ब्रेक कोण देणार? बापाचे दिवसवार संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी तोकुजी काकेई आले. वाम-भाताच्या दुकानाचे मालक, घराण्यातले तिसरे. एकोणीसशे एकोणसत्तरची साईच्या रंगाची गाडी दारात उभी केली आणि किल्ली टेबलावर फेकली.

"आवाज येतोय. बघ."

"कसला आवाज?"

"मला कळलं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

तिनं दोन दिवस आवाज शोधला. आवाज नव्हताच. पण काकेईंची गाडी ओगुरीच्या दारात दोन दिवस उभी आहे हे सगळ्या पेठेनं बघितलं. हळूहळू एकेक जण परत यायला लागला. त्यांनी ते मुद्दाम केलं होतं हे तिला वर्षभरानं कळलं, आणि तेव्हापासून त्या माणसाबद्दल कुणी वाकडं बोललं तर मिनोरी हातातला पाना खाली ठेवत नसे.

तर त्याच माणसाच्या बायकोचा खांदा मोडला होता. तिच्या ब्रेकनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तपासणी कार्यालयाचे मुरामात्सु-सान आले. पन्नाशीचा माणूस, सर्दीनं नाक लाल, हातात कागदाचं पॅड. नमस्कार-चमत्कार झाले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"ओगुरी-सान, तुम्ही उघडा, मी बघतो. चूक तुमच्या हातची निघाली तर शिक्का मी आजच घेऊन जाणार. मला आवडत नाही, पण घेणार."

"घ्या," ती म्हणाली. शिक्का गेला म्हणजे ब्रेकला हात लावायची परवानगी गेली. आणि ब्रेकला हात नाही ते कसलं गॅरेज, ते पंक्चरचं दुकान.

गळती शोधायची तिची एक पद्धत होती. बापाची. मुलं ब्रशानं अक्षरं गिरवतात ते पातळ पांढरे कागद ती गठ्ठ्यानं आणायची, गाडीखाली अंथरायची आणि थेंबांची वाट बघायची. इंजिनचं ऑइल काळं कडं करतं. रेडिएटरचं पाणी हिरवट उमटतं. ब्रेक ऑइल मात्र लांबवर पसरतं, कागद काचेसारखा आरपार दिसायला लागतो. शंका आलीच तर थेंब पाण्यात टाकायचा. तरंगला तर इंजिनचं, पाण्यात मिसळून गेला तर ब्रेकचं.

रात्रभर गाडी त्या कागदांवर उभी होती. कागद कोरे. एक डागही नाही.

तिनं चारही चाकं काढली, ड्रम काढले. आतले सिलेंडर कोरडे. रबराचे कप तिनं पाच आठवड्यांपूर्वी बसवलेले, तसेच. नळ्या बोटांनी चाचपत गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळं कोरडं. आणि ब्रेक ऑइलची वरची टाकी जवळजवळ रिकामी.

"मग गेलं कुठं?" मुरामात्सु-सान नाक पुसत म्हणाले. "प्यायली का गाडी?"

"थांबा."

तिनं चालकाचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि पेडलखालचं रबरी पायपुसणं उचललं. उचललं कसलं, ओढून सोडवावं लागलं. खाली सगळं चिकट. पत्र्याचा रंग फोड आल्यासारखा फुगून सुटलेला. पेडलच्या दांडीवरून एक काळा ओघळ खाली आलेला. पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलेंडर मागच्या बाजूनं गळत होता. बाहेर रस्त्यावर थेंब पडणारच नव्हता, सगळं आत, मालकांच्या पायाशी जमत होतं.

मास्टर सिलेंडरचे कप तर तिनं स्वतः बदलले होते. नवी पेटी, नवं रबर, तिची ही दोन बोटं.

मुरामात्सु-सानच्या पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

तिनं सिलेंडर सोडवून टेबलावर आणला आणि दांडा बाहेर ओढला. कपाच्या कडेला दातांनी कुरतडल्यासारख्या चिरा. सिलेंडरच्या आत गंज. पाच आठवड्यांत गंज? आणि टाकीच्या तळाशी उरलेलं ते काय होतं? तिनं भरलं होतं ते फिक्या चहासारखं, आरपार दिसणारं. हे तर डांबर.

तिनं ड्रॉपरनं थोडं घेऊन पाण्याच्या ग्लासात सोडलं. काळा धागा तळाला गेला आणि मिसळला. ऑइल नाही, म्हणजे ब्रेकचंच. मग तिनं ड्रॉपर नाकाशी नेला.

आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

ती तशीच उभी राहिली. ब्रेक ऑइलच्या वासानं कुणाच्या तोंडाला पाणी सुटतं? तिनं पुन्हा वास घेतला. खमंग. गोड. खारट. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, पोट गुरगुरलं.

"मुरामात्सु-सान. वास घ्या."

"मला सर्दी आहे हो."

"घ्या म्हणते ना!"

त्यांनी घाबरून घेतला. मग परत घेतला. त्यांचे डोळे मोठे झाले. "मला," ते हळूच म्हणाले, "दुपारी काय जेवायचं ते सुचलं."

"पाक आहे तो. काकेईंचा. वाम भाजताना बुडवतात तो."

"ब्रेकच्या टाकीत?"

"ब्रेकच्या टाकीत."

मुरामात्सु-सान खुर्चीत बसले आणि हसायला लागले. सर्दीतलं हसू, खोकला की हसू तेच कळेना. सोया, साखर, मिरिन नावाची तांदळाची गोड दारू! मिठानं गंज चढला, आणि उतारावर ब्रेक तापले तसं पाकातल्या पाण्याची उकळून वाफ झाली. वाफ दाबली की दबते, चाक कुठून थांबणार? "सुटलात तुम्ही, ओगुरी-सान! गिऱ्हाइकानं सॉस ओतला, त्याला गॅरेज काय करणार? सव्वीस वर्षांत मी..."

मिनोरी हसत नव्हती. तिचं तोंड कागदासारखं पांढरं पडलं होतं. तिला ती दुपार आठवली होती.

तपासणीच्या दिवशी जुनं ब्रेक ऑइल तिनं गाडीतून काढलं तेव्हा ते कॉफीच्या गाळासारखं निघालं होतं. "किती वर्षं बदललं नाहीत?" तिनं विचारलं होतं. "बदलायचं कशाला? कमी झालं की भर घालतो," मालक म्हणाले होते. ती हसली होती. काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाला पिशवीत घालून परत द्यायची तिची रीत होती, बघा, खरंच बदललंय म्हणून. तेव्हा मालक म्हणाले, "ते काळंही दे." तिला वाटलं, म्हातारा विक्षिप्तच, बागेत टाकेल नाहीतर कुंपणाच्या लाकडाला फासेल. तिनं हिरव्या चहाची रिकामी बाटली घेतली, गळ्यापर्यंत भरली, दिली.

"पाक इथं आहे," ती मुरामात्सु-सानना म्हणाली. "मग माझी बाटली कुठं आहे?"

उत्तराची वाट न बघता ती स्कूटरवर बसली. सिग्नल दोन तोडले.

सव्वाअकरा वाजले होते. दुकानापुढं चौदा माणसं रांगेत. ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात घुसली. सून चिनामी निखाऱ्यांपुढं पंखा हलवत होती. मालक पाटावर वाम उभी चिरत होते. बायको दवाखान्यात, आणि हे कामावर. घरी बसून काय करू, असं ते नंतर म्हणाले.

"पाकाच्या रांजणाला हात लावू नका!" मिनोरी ओरडली. "कुणीच!"

"ए बाई, चपला काढ आधी," चिनामी म्हणाली.

"मालक, गाडीत काय ओतलंत?"

"ओतणार काय? ब्रेकचं. तू दिलेलं." त्यांनी सुरी पुसली. "नव्या पाकात जुना घातला नाही तर चव धरते का? नुसतं नवं कोरं काय कामाचं? तू सगळंच काढून टाकलंस, मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दोन बोटं जुनं घातलं. विरजण म्हणून."

पन्नास-पंचावन्न वर्षांचा गाळ. कपाला चिरा पाडणारे कण. ह्या माणसानं प्रेमानं परत घातले होते.

"आणि मग?"

"मग कमी व्हायला लागलं. मी भर घालत गेलो. चार-पाच वेळा."

"कुठल्या बाटलीतून?"

मालकांनी फडताळाकडे हात केला. तिथं हिरव्या चहाच्या दोन बाटल्या होत्या. सारख्या. दोन्ही काळ्या.

चिनामीचा पंखा थांबला. "बाबा," ती म्हणाली, "ती तर पाकाची जागा आहे."

ह्या घरात रोज रात्री एक बाटली पाक बाजूला काढून ठेवायचे, आग लागली, भूकंप झाला तरी विरजण वाचावं म्हणून. आणि आदल्या रात्रीच्या बाटलीतला घोटभर परत रांजणात घालायचे. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. फक्त मालकांनी.

मिनोरीनं पहिली बाटली उघडली. खमंग, गोड. दुसरी उघडली. नाकात तिडीक गेली. ब्रेक ऑइल. पातळी गळ्यापासून चार बोटं खाली.

"मी गळ्यापर्यंत भरून दिली होती. दोन बोटं गाडीत गेली, विरजणाची. उरलेली दोन?"

मालक बाटलीकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हाताकडे. हा हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखे.

"गाडीत पाक निघाला," मिनोरी म्हणाली. "म्हणजे तुम्ही बाटल्या बदलल्यात. कितीदा?"

"मला आठवत नाही."

"मालक, ते विष आहे. गोड असतं, कळत नाही. पण विष आहे."

"मिनोचान, मला आठवत नाही!"

निखाऱ्यांवरची वाम करपायला लागली होती. कुणी उचलली नाही. धूर छताला लागला.

"काल साठ ताटं गेली," चिनामी म्हणाली, अगदी सावकाश. "आज अकरा." आणि पुढच्या क्षणी ती हलली. बाहेर गेली, दारावरचा पडदा काढून आत आणला, रांगेला कमरेतून वाकून सांगितलं की आज दुकान बंद.

"अहो, पाच मिनिटं आधी आलो असतो तर आत असतो!" एक जण चिडला.

"नशीबवान आहात," चिनामी म्हणाली आणि दार लावलं. मग आरोग्य खात्याला फोन. मग आगाऊ नोंदणीच्या वहीतल्या एकेका गिऱ्हाइकाला. तिचा आवाज एकदाही कापला नाही.

मालक रांजणापाशी गेले. बसका, तपकिरी, आजोबांच्या वेळचा. युद्धात बॉम्ब पडत होते तेव्हा मालकांच्या आईनं तो पाठीशी बांधला होता आणि थोरल्या मुलाला पायी पळवलं होतं. एवढ्या वर्षांत तो एकदाही तळ दिसेपर्यंत रिकामा झाला नव्हता.

"नसेलही गेलं," ते म्हणाले. "तपासून घेऊ. खातं नमुना नेईल, चार दिवसांत कळेल. नसेलही."

"नसेलही."

"माझी जीभ साठ वर्षं ह्यावर आहे. मला कळेल." आणि त्यांनी पळी बुडवली, भरली आणि तोंडाशी नेली.

मिनोरीनं त्यांच्या मनगटावर फटका मारला. पळी उडाली, भिंतीवर काळा शिंतोडा उठला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तिनं मारलं होतं.

"काकू दवाखान्यात आहेत," ती म्हणाली. "आता तुम्हीपण जाणार का?"

मालकांनी खाली पडलेली पळी उचलली.

"हे ओतायचं कुठं?" त्यांनी विचारलं.

"कालव्यात नको. माझ्याकडे वापरलेल्या ऑइलचा ड्रम आहे. गाडी येऊन घेऊन जाते, जाळतात."

"जाळतात," ते म्हणाले. "बरं. आण."

खात्याच्या बाईंनी एक बरणी नमुना भरून नेला. चार दिवसांनी निकाल आला आणि त्यात ब्रेक ऑइल सापडलं. अगदी किंचित, कुणाला काही होण्याइतकं नाही, पण सापडलं. त्या दुपारी मात्र कुणालाच काही माहीत नव्हतं. मालकांनी रांजण स्वतः कलता केला. कुणाला हात लावू दिला नाही. ड्रमच्या तोंडाशी तो वास आला आणि चिनामी पाठ फिरवून उभी राहिली.

मुरामात्सु-सान तोवर येऊन दारात उभे होते. रांजण रिकामा होईपर्यंत त्यांनी टोपी डोक्यावर घातली नाही. मग खोकले.

"मालक, माफ करा, पण मला कागद पुरा करायचाय. पाक कसा गेला ते समजलं. गॅरेजचा दोष नाही. एकच रकाना राहिलाय." त्यांनी पॅड उलटलं. "काढलेलं जुनं ऑइल गॅरेजबाहेर जायला बंदी आहे. ते तुमच्याकडे कसं आलं?"

मिनोरीनं तोंड उघडलं. मालक तिच्याआधी बोलले.

"चोरलं मी."

"काय?"

"ही व्हॅनखाली होती. मी तिच्या ड्रममधून भरून घेतलं. तिला ठाऊकही नाही. लिहा."

मुरामात्सु-सानच्या चेहऱ्यावर जिवात जीव आल्याचं स्पष्ट दिसलं. पेन कागदावर टेकलं. शिक्का वाचला होता.

"खोटं बोलतायत," मिनोरी म्हणाली. "मी दिलं."

"तू गप्प बस गं!"

"मी दिलं, मुरामात्सु-सान."

ते पेन तसंच धरून राहिले. "ओगुरी-सान," ते हळूच म्हणाले, "इथं धूर फार आहे. माझे कान पण सर्दीनं बंद आहेत. मालक म्हणाले ते मला ऐकू आलं. तुमचं नीट नाही आलं."

हे तिला कळलं. चांगलंच कळलं. तिला शेड दिसली, लिफ्ट दिसली, बापाचा पाना. एकदा गप्प बसायचं होतं, बस्स. तिला गप्प बसता आलं असतं तर ती आज पदवीधर असती.

"मग मोठ्यानं सांगते!" ती ओरडली, इतकी की चिनामी दचकली. "माझ्या चहाच्या बाटलीतून दिलं. पाचशे मिलीची. गळ्यापर्यंत भरून. वर काय आहे ते लिहिलं नाही. कुणी प्यायलं असतं तर मेलं असतं, आणि मी हसत दिलं. लिहा!"

सव्वीस वर्षांत त्यांना असं कुणी सांगितलं नसावं. ते मान खाली घालून लिहू लागले, आणि तिनं ओव्हरऑलच्या खिशातून शिक्का काढून ओट्यावर ठेवला. नव्वद दिवस शिक्का बंद, ते म्हणाले. पुढचं कार्यालय ठरवेल. जाताना ते तिच्यापुढं जरा जास्तच वाकले.

मालक उलट्या खोक्यावर मटकन बसले.

"मूर्ख पोरी. आज एक तरी गोष्ट वाचायला हवी होती."

"काकू वाचल्या."

"ती खांद्यासकट वाचायला हवी होती." त्यांनी एप्रनला हात पुसले, मग पुन्हा पुसले. "रांजणाचं तिला सांगायचंय अजून. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा तोच हातात दिला होता तिच्या."

"मी सांगते. बाटली मी दिली."

"ओतलं मी."

"माझी बाटली नसती तर काय ओतलं असतंत?"

"माझं डोकं ठिकाणावर असतं तर तू दिली असतीस का?"

"भेटायची वेळ चारला संपते," चिनामी मध्येच म्हणाली. फोन अजून तिच्या कानाला होता, वहीत एकोणिसाव्या नावावर बोट. "बस पावणेतीनला आहे. भांडायचंय ते बसमध्ये भांडा."

ते दोघं मागच्या दारानं निघाले. थांब्यापर्यंत भांडतच गेले. बस आली तेव्हा मालकांना एप्रन काढायचं राहिल्याचं लक्षात आलं, आणि मिनोरीला हे, की आधी कोण बोलणार ते अजून ठरलेलंच नाही.